मसावि की लसावि, हे उदाहरण वाचतानाच कसं ओळखायचं?

ताई, तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: मुलगी सहावीत आहे, पुढे शिष्यवृत्तीला बसवायची आहे. ‘मसावि (महत्तम साधारण विभाजक) काढा’, ‘लसावि (लघुतम साधारण विभाज्य) काढा’ असं सरळ विचारलं की तिला जमतं. शाब्दिक उदाहरण आलं की कुठे काय काढायचं तेच कळत नाही. क्लासमध्ये ‘जास्तीत जास्त म्हटलं की मसावि, कमीत कमी म्हटलं की लसावि’ असं पाठ करून घेतलंय, तरी उत्तरं चुकतात. तीन संख्या असल्या की उभी मांडणी बिघडते. १०७३ आणि ११८९ अशा संख्या आल्या की अवयवच पडत नाहीत. आणि दोन संख्यांना चालणारं गुणाकाराचं सूत्र तीन संख्यांना का लावायचं नाही, हे तिला कुणी सांगितलेलं नाही.

यातली शाब्दिक उदाहरणांची अडचण खरी आहे, बाकीच्या सरावाने सुटणाऱ्या आहेत. म्हणून आधी त्या अडचणीबद्दल.

‘जास्तीत जास्त’ आणि ‘कमीत कमी’ हे शब्द बघून ठरवायची सवय आधी मोडा. ती सवयच उत्तरं चुकवते. हे उदाहरण बघा. मार्केट यार्डात तीन गुऱ्हाळांचा गूळ आलाय, ८४ किलो, १०८ किलो आणि १५६ किलो. एका गुऱ्हाळाचा गूळ दुसऱ्यात मिसळायचा नाही, सगळी खोकी सारख्याच वजनाची भरायची आणि गूळ उरता कामा नये. तर कमीत कमी किती खोकी लागतील? पाठ केलेल्या नियमाप्रमाणे मुलगी लसावि काढणार, ९८२८ येणार आणि पुढे काय करायचं ते तिला कळणार नाही. खरं तर इथे मसावि काढायचाय. खोकी कमीत कमी हवीत म्हणजे प्रत्येक खोक्यात गूळ जास्तीत जास्त मावला पाहिजे, आणि ते वजन ८४, १०८, १५६ या तिन्हींना नि:शेष भागणारं पाहिजे. मसावि १२. मग ८४ किलोची ७ खोकी, १०८ ची ९ आणि १५६ ची १३, एकूण २९.

आता उलट उदाहरण. ‘१२, १५ आणि २० यांनी नि:शेष भाग जाणारी तीन अंकी मोठ्यात मोठी संख्या कोणती?’ इथे ‘मोठ्यात मोठी’ आहे, पण काढायचा लसावि. तो ६०. ९९९ ला ६० ने भागलं तर भागाकार १६ येतो, म्हणून उत्तर १६ × ६० = ९६०. लहानात लहान चार अंकी विचारली असती तर पुढची पट, १७ × ६० = १०२०. पुष्कळ मुलं इथे १००० भागिले ६० करतात, बाकी ४० येते आणि ती बाकी १००० मधून वजा करून परत ९६० वर येतात. लहानात लहान चार अंकी हवी असेल तर बाकी वजा करायची नाही, ६० ला जेवढी कमी पडते तेवढी, म्हणजे २०, मिळवायची.

मग शब्दांच्या जागी काय बघायचं? मुलांना मी एकच प्रश्न विचारायला लावतो: मला जी संख्या शोधायची आहे ती दिलेल्या संख्यांना भागणार आहे, की दिलेल्या संख्या तिला भागणार आहेत? खोक्याचं वजन ८४ ला भागतं, म्हणजे शोधायचा तो विभाजक, म्हणून मसावि. ९६० ला मात्र १२, १५, २० भागतात, म्हणजे शोधायची ती पट, म्हणून लसावि. कापणं, वाटणं, सारखे गट पाडणं, सारख्या अंतरावर खांब रोवणं यांत दिलेल्या संख्येचे तुकडे होतात. पुन्हा एकत्र येणं, पुन्हा एकाच वेळी घडणं यांत दिलेल्या संख्या वाढत वाढत एका जागी भेटतात. हे एकदा दिसलं की उदाहरण कितीही फिरवून विचारलं तरी फरक पडत नाही.

त्याच्या जोडीला एक तपासणी लावून द्या. मसावि दिलेल्या संख्यांपैकी सर्वांत लहान संख्येपेक्षा मोठा असू शकत नाही. लसावि सर्वांत मोठ्या संख्येपेक्षा लहान असू शकत नाही. खोक्याचं वजन ९८२८ किलो आलं तर तिथेच थांबून उदाहरण पुन्हा वाचायचं.

एक गोष्ट मात्र उदाहरणावर अवलंबून असते. नेहमी मसाविच हवा असतो असं नाही, कधी कधी कोणताही साधारण विभाजक, म्हणजे दिलेल्या सगळ्या संख्यांना भागणारा, चालतो. खोली ४ मीटर ८० सेंटिमीटर लांब आणि ३ मीटर ६० सेंटिमीटर रुंद आहे, फरशी न कापता चौरस फरश्या बसवायच्या आहेत. आधी सगळं सेंटिमीटरमध्ये आणायचं, ४८० आणि ३६०. मसावि १२०. पुस्तकातलं उत्तर १२० सेंटिमीटर बाजूची फरशी, एकूण ४ × ३ = १२ फरश्या. पण दुकानात सर्रास मिळते ती ६० बाय ६० ची. तीही चालते, कारण ६० हा १२० चा विभाजक आहे. ८ × ६ = ४८ फरश्या लागतील (सांध्यांची जागा आपण धरलेली नाही). ५० ची फरशी चालणार नाही, कारण ५० ने १२० ला भाग जात नाही. म्हणजे प्रश्नात ‘मोठ्यात मोठी फरशी’ किंवा ‘कमीत कमी फरश्या’ म्हटलं असेल तरच मसावि हे एकमेव उत्तर. नुसतं ‘कोणत्या मापाची फरशी चालेल’ असं विचारलं तर उत्तरं अनेक.

त्या अनेक उत्तरांमागे एक नियम आहे, तो मुलीला तिच्या हाताने सापडू द्या. तिला २४ आणि ३६ चे सगळे विभाजक लिहायला सांगा. लिहिताना जोड्या लावायच्या. ३६ साठी १ आणि ३६, २ आणि १८, ३ आणि १२, ४ आणि ९, शेवटी ६ ची ६ शीच जोडी. दोन्ही बाजू भेटल्या की थांबायचं, त्याच्या पुढे नवं काही मिळत नाही. जोड्या न लावता ओळीने लिहिणारी मुलं हमखास एखादा विभाजक गाळतात, बहुतेक वेळा १८ नाहीतर खुद्द ३६. २४ चे विभाजक १, २, ३, ४, ६, ८, १२, २४. दोन्हींत असलेले १, २, ३, ४, ६, १२. हे बरोबर १२ चे सगळे विभाजक आहेत, एक जास्त नाही, एक कमी नाही. पटींचंही तसंच. २४ आणि ३६ च्या साधारण पटी ७२, १४४, २१६… म्हणजे ७२ चा पाढाच. मसावि एकदा मिळाला की सगळे साधारण विभाजक हातात येतात, लसावि मिळाला की सगळ्या साधारण पटी. (शून्य ही प्रत्येक संख्येची पट असते, म्हणून लसावि शोधताना शून्य सोडून सर्वांत लहान पट घ्यायची.)

आता तीन संख्यांची उभी मांडणी. चूक बहुतेक वेळा एकाच ठिकाणी होते. मसावि आणि लसावि दोन्ही एकाच मांडणीतून काढतात, पण डावीकडचे कोणते आकडे कुठे धरायचे हे पक्कं झालेलं नसतं. १२, २०, ४५ घेऊ.

२ | १२  २०  ४५
२ | ६  १०  ४५
३ | ३  ५  ४५
५ | १  ५  १५
   | १  १  ३

ज्या संख्येला भाग जात नाही ती खालच्या ओळीत जशीच्या तशी उतरवायची, पहिल्या दोन ओळींत ४५ उतरलेत तसे. घाईत हीच संख्या गळते. लसावि म्हणजे डावीकडचे सगळे आणि खाली उरलेले सगळे यांचा गुणाकार: २ × २ × ३ × ५ × १ × १ × ३ = १८०. आता मसावि. मुलगी डावीकडच्या चारांचा गुणाकार करून ६० लिहिते, असं तुमच्या वर्णनावरून वाटतंय. ६० तर १२ पेक्षा मोठा, तेव्हा मघाची तपासणी लावली तरी चूक पकडली जाईल. मसाविसाठी फक्त तीच ओळ धरायची जिच्यात तिन्ही संख्यांना भाग गेलाय. इथे पहिल्याच ओळीत ४५ ला २ ने भाग जात नाही, तिसऱ्या ओळीत ५ ला ३ ने जात नाही. तिन्हींना भाग गेलेली ओळ एकही नाही. मसावि १.

या तीन संख्या मुद्दाम निवडल्यात. १२ आणि २० मध्ये ४ साधारण आहे, २० आणि ४५ मध्ये ५, १२ आणि ४५ मध्ये ३. कोणतीही जोडी सहमूळ (१ शिवाय काही साधारण नसलेली) नाही, तरी तिघांत मिळून १ शिवाय काही साधारण नाही. दोघांत साधारण असलेलं तिघांत साधारण असेलच असं नाही, हे मुलीला यातून नीट दिसेल.

घरी सराव करताना मांडणी दोन टप्प्यांत करायला सांगा. आधी फक्त सगळ्यांना भाग जाणारे आकडे घ्यायचे. ते संपले की ठळक आडवी रेघ मारायची. रेघेच्या वरच्या डाव्या आकड्यांचा गुणाकार म्हणजे मसावि. रेघेच्या खाली निदान दोन संख्यांना भाग जाणारे मूळ आकडे (ज्यांना १ आणि स्वतः सोडून कशानेच भाग जात नाही असे) घेत जायचं, आणि कोणत्याही दोघांत काही साधारण उरलं नाही की थांबायचं. २४, ६०, ९० घेतले तर २ ने १२, ३०, ४५. ३ ने ४, १०, १५. इथे रेघ, मसावि ६. मग खाली २ ने २, ५, १५, ५ ने २, १, ३, आता थांबा. लसावि २ × ३ × २ × ५ × २ × १ × ३ = ३६०.

‘मूळ आकडे’ असं मी मुद्दाम म्हटलं. हुशार मुलं वेळ वाचवायला ४ ने, ६ ने भागतात आणि तिथे फसतात. १२, २०, ३० चा लसावि काढताना पहिल्याच ओळीत ४ ने भागलं तर ३, ५, ३० उरतात. मग ३ ने १, ५, १०. ५ ने १, १, २. गुणाकार ४ × ३ × ५ × २ = १२०. खरा लसावि ६० आहे. काय झालं? ४ मध्ये दोन २ आहेत. ३० ला ४ ने भाग जात नाही, पण ३० मध्येही एक २ आहे, आणि तो डावीकडच्या २ मध्येच जमा व्हायला हवा होता. ३० तसाच खाली उतरला, तो २ शेवटच्या ओळीत वेगळा राहिला आणि दुसऱ्यांदा मोजला गेला. रेघेच्या वर, जिथे सगळ्यांना भाग जातोय तिथे, ४ ने, १२ ने, कशानेही भागलं तरी चालतं, कारण काढलेलं सगळ्यांतून सारखंच निघतं. रेघेच्या खाली फक्त २, ३, ५, ७, ११ असे मूळ आकडे.

आणखी एक. मांडणीच्या शेवटच्या ओळीकडे मुलं बघतच नाहीत. गुळाच्या उदाहरणात ८४, १०८, १५६ ला २, २, ३ ने भागल्यावर खाली ७, ९, १३ उरतात. तीच प्रत्येक गुऱ्हाळाची खोकी. उत्तरासाठी पुन्हा भागाकार करायची गरज नाही.

मोठ्या संख्यांबद्दल. १०७३ ला २, ३, ५, ७, ११, १३ कशानेच भाग जात नाही. मुलं दमतात आणि ‘मूळ संख्या आहे’ असं लिहून मोकळी होतात. (लहान संख्यांतही ५१, ५७, ८७, ९१, ११९, १३३, १४३ या मूळ वाटतात पण नाहीत. ३ आणि ७ ची तपासणी नेटाने केली तर १४३ सोडून बाकी सगळ्या पकडल्या जातात. १४३ म्हणजे ११ × १३.) अशा वेळी अवयवांच्या मागे लागायचंच नाही. भागाकाराची रीत वापरायची. मोठ्या संख्येला लहान संख्येने भागा, ११८९ ÷ १०७३, बाकी ११६. आता भाजक भाज्य होतो आणि बाकी भाजक होते: १०७३ ÷ ११६, नऊ वेळा १०४४, बाकी २९. पुन्हा तसंच: ११६ ÷ २९, चार वेळा, बाकी शून्य. बाकी शून्य आली त्या वेळचा भाजक, २९, हा मसावि. तीन भागाकारांत काम झालं.

चुका दोन प्रकारच्या होतात. एक, शेवटचा भागाकार ४ हाच मसावि म्हणून लिहितात. दुसरी, दुसऱ्या पायरीत १०७३ ऐवजी पुन्हा ११८९ ला ११६ ने भागायला घेतात. बाकी १ आली तर पुढे काही करायचं नाही, संख्या सहमूळ आहेत. तीन संख्या असतील तर आधी दोघांचा मसावि काढायचा, मग त्याचा आणि तिसऱ्या संख्येचा.

ही रीत का चालते ते मुलीला सांगितलंच पाहिजे, नाहीतर तो आणखी एक पाठ केलेला नियम होईल. जी संख्या ११८९ आणि १०७३ दोघांना भागते, ती त्यांच्या फरकालाही भागते. फरक ११६. म्हणजे मसावि ११६ च्या विभाजकांतच असणार: १, २, ४, २९, ५८, ११६. दिलेल्या दोन्ही संख्या विषम आहेत, तेव्हा सम विभाजक बाद. उरले १ आणि २९. २९ ने १०७३ ला भाग जातो का एवढंच बघायचं: २९ × ३७ = १०७३, जातो. संपलं. फरक बघायची ही युक्ती परीक्षेत पुष्कळ वेळ वाचवते. लागोपाठच्या दोन संख्यांचा फरक १, म्हणून त्यांचा मसावि नेहमी १. लागोपाठच्या दोन सम संख्यांचा नेहमी २. परस्परांना भागत जाण्याची ही रीत ग्रीक युक्लिडने दिलेली आहे, आणि भास्कराचार्यांच्या लीलावतीत (इ. स. ११५०) कुट्टक या समीकरणं सोडवायच्या रीतीच्या प्रकरणातही सुरुवातीलाच हा परस्पर भागाकार आहे.

२९ मिळाल्यावर १०७३/११८९ चं संक्षिप्त रूप ३७/४१. या दोन संख्यांचा लसावि हवा असेल तर आधी भागायचं, मग गुणायचं: ११८९ ÷ २९ = ४१, आणि १०७३ × ४१ = ४३,९९३. आधी गुणाकार केला तर १२,७५,७९७ ला २९ ने भागत बसावं लागतं आणि तिथे नक्की कुठेतरी हात चुकतो.

भागाकारात बाकी उरते अशी उदाहरणं शिष्यवृत्तीच्या तयारीत फार येतात आणि सगळ्यांत जास्त गोंधळ तिथे होतो. तिथेही तोच प्रश्न विचारायचा, शोधायची संख्या भागते की भागली जाते. फक्त त्याआधी बाकीचा हिशोब मिटवायचा. ‘१३० ला भागल्यावर ४ आणि १८५ ला भागल्यावर ३ उरतात, अशी मोठ्यात मोठी संख्या कोणती?’ शोधायची संख्या भागते आहे, म्हणजे मसावि. उरलेलं आधी काढून टाका: १२६ आणि १८२. फरक ५६, मसावि १४. पडताळा: १४ × ९ = १२६, ४ उरले; १४ × १३ = १८२, ३ उरले. उत्तर दिलेल्या प्रत्येक बाकीपेक्षा मोठं आहे ना तेही बघायचं, कारण बाकी भाजकापेक्षा नेहमी लहान असते.

‘६५, ११३, १८५ यांना भागल्यावर सारखीच बाकी उरते, अशी मोठ्यात मोठी संख्या’ असं विचारलं तर बाकी किती ते दिलेलंच नाही. वजाबाकी केली की ती नाहीशी होते: ११३ − ६५ = ४८, १८५ − ११३ = ७२. मसावि २४. प्रत्येक वेळी १७ उरतात, करून बघा.

आता भागली जाणारी संख्या. ‘१२, १५, २० ने भागल्यावर प्रत्येक वेळी ५ उरतात’: लसावि ६० मध्ये ५ मिळवायचे, ६५. इथे एक बारकावा आहे. काटेकोर पाहिलं तर ५ ला १२ ने भागलं तरी भागाकार ० आणि बाकी ५ येते, म्हणजे लहानात लहान संख्या ५ च. पर्यायांत ५ दिलेला नसेल तर ६५ लिहायचं, आणि दोन्ही दिलेले असतील तर प्रश्नातले शब्द पुन्हा वाचायचे. ‘१२ ने भागल्यावर ९, १५ ने १२, २० ने १७ उरतात’ यात बाक्या वेगळ्या दिसतात, पण प्रत्येक ठिकाणी भाजकाला ३ कमी पडतात. म्हणून ६० − ३ = ५७. वेगवेगळ्या बाक्या दिसल्या की भाजकातून बाकी वजा करून बघायची सवय लावा. कमी पडणारी संख्या सगळीकडे सारखी असेल तर लसाविमधून वजा.

वेळेची उदाहरणं दिसायला सोपी असतात, पण त्यांत घड्याळाची चूक होते. समजा केएमटीच्या (कोल्हापूरच्या शहर बससेवेच्या) तीन मार्गांवरच्या बस एकाच थांब्यावरून १२, १६ आणि १८ मिनिटांनी सुटतात आणि सकाळी ७.३० ला तिन्ही एकत्र सुटल्या. लसावि १४४ मिनिटं. इथे मुलं १४४ म्हणजे १ तास ४४ मिनिटं धरतात आणि ९.१४ लिहितात. १४४ मिनिटं म्हणजे २ तास २४ मिनिटं, उत्तर ९.५४. ‘दुपारी १२ पर्यंत किती वेळा एकत्र सुटतील’ असं विचारलं तर ७.३० ची वेळही मोजायची का हे प्रश्नात बघायचं. मोजली तर दोनदा, ‘त्यानंतर किती वेळा’ म्हटलं असेल तर एकदा. पुढची वेळ १२.१८, ती हिशोबाबाहेर. खांबांच्या उदाहरणांतही असाच एकाचा फरक पडतो. ९६ मीटर लांब, ७२ मीटर रुंद प्लॉटच्या कडेने, कोपऱ्यांसह, सारख्या अंतरावर कमीत कमी खांब: अंतर २४ मीटर, परिमिती ३३६, खांब १४. कुंपण बंद आहे म्हणून एक मिळवायचा नाही. सरळ रस्त्यावर दोन्ही टोकांना खांब असतील तरच एक मिळवायचा.

गोल फिरण्याच्या उदाहरणांत लसावि काय सांगतो आणि काय सांगत नाही, ते एकदा नीट समजून घ्यावं. रंकाळा तलावाभोवती एकजण ३० मिनिटांत फेरी पूर्ण करतो, दुसरा ५० मिनिटांत, दोघं एकाच जागेवरून एकाच दिशेने एकदम निघाले. सुरुवातीच्या जागी पुन्हा एकत्र कधी येतील? लसावि १५०, म्हणजे अडीच तासांनी. तेव्हा एकाच्या ५ आणि दुसऱ्याच्या ३ फेऱ्या झालेल्या असतात. पण ‘पहिल्यांदा कधी गाठेल’ असं विचारलं तर उत्तर १५० नाही. १५० मिनिटांत वेगवान माणूस दोन फेऱ्या पुढे जातो, म्हणजे एक फेरी पुढे ७५ मिनिटांत. तेव्हा दोघं सुरुवातीच्या जागेपासून अर्धी फेरी दूर असतात. लसावि फक्त ‘सुरुवातीच्याच जागी’ या अटीचं उत्तर देतो.

शिरोली एमआयडीसीत कुणी ओळखीचं गिअरचं काम करणारं असेल तर मुलीला एकदा नेऊन दाखवा. २४ दात्यांचं चाक ४० दात्यांच्या चाकाला जोडलं तर खडूने खूण केलेले दोन दाते १२० दाते सरकल्यावर पुन्हा भेटतात, लहान चाकाच्या ५ फेऱ्यांनी आणि मोठ्याच्या ३ फेऱ्यांनी. लहान चाक २३ दात्यांचं केलं तर २३ आणि ४० सहमूळ, तेच दाते पुन्हा भेटायला ९२० दाते सरकावे लागतात. एखाद्या दात्यात खोट असली तरी तो दरवेळी समोरच्या त्याच ठरावीक दात्यांवर घासत नाही आणि झीज सगळीकडे सारखी होते. म्हणून जिथे जमेल तिथे दात्यांच्या संख्या सहमूळ ठेवतात. सहमूळ म्हणजे काय हे पुस्तकातल्या व्याख्येपेक्षा यात पटकन कळतं.

शेवटी सूत्राबद्दल. दोन संख्यांना ‘मसावि × लसावि = संख्यांचा गुणाकार’ हे का चालतं ते आधी बघू. ७२ = २ × २ × २ × ३ × ३, आणि १२० = २ × २ × २ × ३ × ५. प्रत्येक मूळ अवयव जिथे कमी वेळा आहे तेवढा मसाविमध्ये जातो, जिथे जास्त वेळा आहे तेवढा लसाविमध्ये. ३ हा ७२ मध्ये दोनदा, १२० मध्ये एकदा. एकदाचा मसाविला, दोनदाचा लसाविला. दोन संख्यांमध्ये एक कमीचा, एक जास्तीचा, तिसरा कुणी नाही, म्हणून सगळं वाटलं जातं: २४ × ३६० = ८६४० = ७२ × १२०. तीन संख्यांत कमी आणि जास्त यांच्या मधला एक असतो आणि तो कुठेच जात नाही. १२, २०, ४५ मध्ये २ हा दोनदा, दोनदा, शून्य वेळा आहे. मसाविला शून्य, लसाविला दोनदा, आणि मधला दोनदा, म्हणजे ४, बाहेर राहतो. तसाच ३ आणि ५ यांचा एक एक बाहेर राहतो. बाहेर राहिलेलं ४ × ३ × ५ = ६०. तिन्ही संख्यांचा गुणाकार १०,८००, मसावि १, लसावि १८०, आणि १८० × ६० = १०,८००. फरक नेमका तेवढाच आहे.

म्हणून तीन संख्यांना हे सूत्र एकदम लावायचं नाही, दोन-दोन करून लावायचं. १२ आणि २० चा लसावि ६०. मग ६० आणि ४५: मसावि १५, लसावि ६० × ४५ ÷ १५ = १८०.

तीन संख्यांचं उत्तर तपासायला सूत्र लागतही नाही. आलेल्या लसाविला प्रत्येक संख्येने भागा. १८० ला १२, २०, ४५ ने भागलं तर १५, ९, ४ येतात. या तिघांत मिळून १ शिवाय काही साधारण नाही, म्हणजे उत्तर खरोखर लहानात लहान आहे. मघाच्या चुकीच्या १२० ला १२, २०, ३० ने भागा, १०, ६, ४ येतात. तिघांत २ साधारण आहे, म्हणजे १२० हा दुप्पट झालाय आणि २ ने भागलं की बरोबर ६० मिळतात. मसाविला हीच तपासणी उलटी लावायची: दिलेल्या संख्यांना मसाविने भागल्यावर जे उरतं त्यात काही साधारण सापडलं, तर तेवढ्याने मसाविला गुणायचं राहिलंय.